आपले कोण, परके कोण? बेने इस्राएल समाजाचा वृत्तांत व त्याचा बोध

‘तुम्ही कोठले?’ हा प्रश्न आपल्याकडे पाहुण्यापुढे पाण्याचा तांब्या ठेविल्याबरोबर विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात वाकडे काही नसते. गाव कळले म्हणजे घराणे, बोली, सोयरसंबंध व चालीरीती यांचा अंदाज बांधिता येतो, आणि मग पुढचे बोलणे सुरळीत चालते. ज्याचे गाव एक, भाषा एक व पूर्वजही तेथलेच, त्यास उत्तर देण्यास क्षणही लागत नाही. परंतु ज्याचा आजा एका देशात जन्मला, बाप दुसऱ्या देशात वाढला आणि जो स्वतः तिसऱ्या देशात पोट भरीत आहे, त्याने काय उत्तर द्यावे? आज्याचे गाव सांगावे, तर तेथे त्यास कोणी ओळखत नाही. राहत्या शहराचे नाव सांगावे, तर ऐकणारा त्याच्या चेहऱ्याकडे पाहून पुन्हा विचारतो, ‘ते खरे, पण मूळचे कोठले?’ या दुसऱ्या प्रश्नात एक काटा असतो. त्या काट्याविषयी प्रस्तुत लेखात थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

हा प्रश्न दूरदेशीच्या लोकांचा आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे आमच्या अमरावती-अकोल्याच्या विद्यार्थ्यांस वाटण्याचा संभव आहे. परंतु आपल्या वऱ्हाडाचाच इतिहास पाहावा. १८५३ साली निजामाने तहान्वये हा प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १९०३ साली तो मध्यप्रांतास जोडला गेला. स्वातंत्र्यानंतर तो मध्य प्रदेश राज्यात होता. १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्यात समाविष्ट झाला. म्हणजे एखाद्या घराण्याने आपला वाडा व आपले कपाशीचे शेत कधीही सोडले नाही, तरी सुमारे शंभर वर्षांच्या अवधीत त्याच्या सरकारी कागदांवरील राज्याचे नाव वारंवार बदलले. घरातील बोली मात्र वऱ्हाडीच राहिली. राज्याचे नाव आणि माणसाची ओळख या दोन वस्तू एक नव्हेत, हे यावरून ध्यानात येते. माणूस स्वस्थ बसला असताही जर असे घडते, तर जो समुद्र ओलांडून जातो त्याचे काय होत असेल?

चिनी लोकांचे उदाहरण या बाबतीत प्रसिद्ध आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अछू नावाच्या एका चिनी व्यापाऱ्याने कलकत्त्याजवळ साखरेचा कारखाना काढिला. त्याच्या नावावरून त्या जागेस आजही अछीपूर म्हणतात. पुढे कलकत्त्यात चिनी सुतार, कातडी कमावणारे, दंतवैद्य व खानावळवाले यांची मोठी वस्ती झाली. मुंबईसही माझगाव भागात १९१९ साली स्थापिलेले चिनी लोकांचे देऊळ आहे. १९६२ साली भारत व चीन यांच्यात युद्ध जुंपले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या चिनी वंशाच्या सुमारे ३,००० माणसांस राजस्थानातील देवळी येथील छावणीत नेऊन ठेविले. त्यांतील कित्येकांचा जन्म हिंदुस्थानातच झालेला होता आणि चीन देश त्यांनी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. पुढे पुष्कळ कुटुंबांनी देश सोडिला व कॅनडातील टोरांटो शहरी बिऱ्हाडे केली. तेथे ती आता ‘भारतीय चिनी’ म्हणून ओळखली जातात. भारतात जे लोक चिनी ठरले, तेच कॅनडात भारतीय ठरले! माणसे तीच, केवळ पाहणारे बदलले.

याहूनही अधिक बोधप्रद उदाहरण आपल्या मराठी भाषेच्या घरातच आहे, आणि त्याची माहिती आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस नसावी असे वाटते. ते उदाहरण कोकणातील बेने इस्राएल लोकांचे होय. ‘बेने इस्राएल’ या हिब्रू शब्दांचा अर्थ ‘इस्राएलाची संताने’ असा आहे. हे लोक धर्माने यहूदी, भाषेने मराठी, आणि आज संख्येचा विचार करिता बहुतांशी इस्राएल देशाचे रहिवासी आहेत. आपण कोण आहोत, हा प्रश्न त्यांस जितक्या वेळा आणि जितक्या निरनिराळ्या लोकांनी विचारला, तितका क्वचितच दुसऱ्या कोणा मराठी समाजास विचारला असेल.

या समाजाची परंपरा अशी सांगते की, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास त्यांच्या पूर्वजांचे गलबत चौलजवळच्या समुद्रात खडकावर आपटून फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच माणसे जिवंत किनाऱ्यास लागली. बाकीच्यांची प्रेते अलिबागेजवळील नवगाव येथे पुरण्यात आली. त्यांचे धर्मग्रंथ समुद्राने गिळिले. या कथेस त्या काळचा लेखी पुरावा उपलब्ध नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तथापि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकशास्त्रीय अभ्यासात या समाजाच्या ठिकाणी पश्चिम आशियातील यहूदी आणि हिंदुस्थानी असे दोन्ही वंशांश आढळून आले आहेत. तेव्हा कथेतील तपशील काहीही असो, दूरच्या देशातून आलेली माणसे कोकणच्या मातीत रुजली, एवढे निश्चित.

आता विचार करा. ग्रंथ नाही, गुरू नाही, स्वधर्मीयांशी पत्रव्यवहार नाही, अशा स्थितीत शेकडो वर्षे या लोकांनी काय राखिले? त्यांनी तेल गाळण्याचा धंदा पत्करिला होता. आठवड्यातून एक दिवस, शनिवारी, त्यांचा घाणा बंद राही व बैल मोकळे असत. शेजाऱ्यांस याचे कारण ठाऊक नव्हते; त्यांनी आपल्या परीने या लोकांस ‘शनवार तेली’ असे नाव ठेविले. मुलाची आठव्या दिवशी सुंता करावी, रक्त खाऊ नये, खवले व पर नसलेला मासा वर्ज्य मानावा, आणि ‘शमा’ नावाची एकेश्वराची लहानशी हिब्रू प्रार्थना जन्म, विवाह, मृत्यू अशा प्रत्येक प्रसंगी म्हणावी, एवढीच त्यांची शिदोरी होती. प्रार्थनेतील शब्दांचा अर्थही बहुतेकांस कळत नसे.

बाकी सर्व बाबतींत ते कोकणचे झाले. पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर, किहीमचे ते केहीमकर, अशी आडनावे त्यांनी गावांवरून घेतली. शमुवेलाचा ‘सामाजी’ झाला, यहेज्केलाचा ‘हसाजी’ झाला. बायका लुगडे नेसत व मंगळसूत्र घालीत. लग्नात हळद व मेंदी आली. मांसाबरोबर दूध खाऊ नये हा मोशेच्या शास्त्रावरून आलेला नियम त्यांनी पाळिला, परंतु रश्श्यास लागणारे दूध कोकणातील नारळाने पुरविले. सणांची हिब्रू नावे विस्मृतीत गेली, त्यांच्या जागी मराठी नावे आली. वर्षप्रतिपदेस ‘नव्याचा सण’ म्हणू लागले. प्रायश्चित्ताच्या दिवशी दारे लावून घेऊन उपास करीत, म्हणून तो ‘दारफाळणीचा सण’ झाला. यरुशलेमेतील मंदिराच्या नाशाबद्दल पाळावयाच्या दुःखाच्या दिवशी वालाचे बिरडे करीत, म्हणून तो ‘बिरड्याचा सण’ झाला. एलिया संदेष्ट्याच्या नावाने गोड पोहे, खोबरे व फळे यांचा ‘मलिदा’ ताटात मांडून प्रार्थना करण्याची चाल तर या समाजाची खास स्वतःची आहे. अलिबागेजवळील खंडाळे गावी एका खडकावर त्या संदेष्ट्याच्या रथाच्या चाकांच्या खुणा आहेत, अशी त्यांची श्रद्धा असून आजही इस्राएलातून आलेले लोक तेथे दर्शनास जातात.

या समाजाची पहिली परीक्षा एका यहूदी मनुष्यानेच घेतली, असे सांगतात. दावीद राहाबी नावाचा एक विद्वान कोकणात आला व हे शनिवार पाळणारे तेली कोण आहेत, याचा त्याने शोध चालविला. त्याने घरातील स्त्रियांपुढे निरनिराळ्या प्रकारचे मासे टाकिले व ते शिजविण्यास सांगितले. स्त्रियांनी खवले व पर असलेले मासे वेगळे काढिले आणि उरलेले बाजूस सारिले. राहाबीची खात्री पटली. पुढे त्याने काही तरुणांस धर्मविधी शिकवून तयार केले. त्यांस ‘काजी’ म्हणत. राहाबी नक्की कोणत्या शतकात आला याविषयी विद्वानांत एकमत नाही, परंतु गोष्टीतील मर्म आमच्या विषयाला फार उपयोगी आहे. राहाबीने वंशावळ मागितली नाही, ग्रंथ मागितला नाही. हात काय करितात ते पाहिले.

अठराव्या शतकात बेने इस्राएल लोक मुंबईस येऊ लागले. कोणी सुतारकाम धरिले, कोणी कंपनी सरकारच्या पलटणींत भरती झाले. सामाजी हसाजी दिवेकर हे अशाच एका पलटणीतील देशी अंमलदार होत. टिपू सुलतानाशी झालेल्या लढाईत ते कैद झाले होते. सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईत मांडवी भागात बेने इस्राएल लोकांचे पहिले सभास्थान बांधिले. शेजारचे लोक त्यास ‘जुनी मशीद’ म्हणू लागले, आणि आजच्या मशीद स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात. येथेही नाव दुसऱ्यांनीच ठेविलेले, आणि तेही चुकीचे!

यानंतरचा भाग आमच्यासारख्या मिशन शाळेत शिकविणाऱ्यांनी विशेष लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. १८१३ साली अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईस आले व त्यांनी शाळा काढिल्या. १८२९ साली स्कॉटलंडचे डॉ. जॉन विल्सन आले. त्यांनी १८३२ साली हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीत छापून काढिले. या शाळांतून बेने इस्राएल मुले मोठ्या संख्येने शिकली आणि त्यांतील काही पुढे तेथेच शिक्षक झाली. पवित्र शास्त्राच्या जुन्या कराराचे भाग त्यांस मायबोलीत वाचावयास मिळाले. ज्या अब्राहामाची व मोशेची नावे केवळ कानावर होती, त्यांच्या कथा प्रथमच डोळ्यांपुढे आल्या. मिशनरी लोकांचा हेतू उघड होता. या लोकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारावा, अशी त्यांची इच्छा होती. परंतु तसे करणारे फारच थोडे निघाले. बहुसंख्य लोकांनी ते शिक्षण घेतले आणि त्याच्या साहाय्याने ते अधिक जाणते यहूदी झाले.

यास मिशनचे अपयश म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. ज्या शिक्षकाने दिवा लाविला त्याने त्या उजेडात विद्यार्थ्याने कोणती वाट धरावी याचा हट्ट धरू नये. एका समाजास त्याची हरवलेली भाषा व त्याचा हरवलेला ग्रंथ परत मिळवून देणे, हे काम स्वतःच्या ठिकाणी पुरते मोठे आहे. परक्यांच्या हातून आपली स्वतःची वस्तू परत मिळावी, हा प्रकार जगाच्या इतिहासात अनेक वेळा घडला आहे.

ग्रंथ मिळाला तरी या लोकांनी मराठी टाकिली नाही, हे विशेष. वल्हांडण सणाच्या रात्री घरोघर वाचावयाची ‘हग्गादा’ नावाची पोथी १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह निघाली. १८७४ साली पुण्यास छापलेल्या हग्गादेत तर सणाची बेखमीर भाकर तयार करणाऱ्या स्त्रिया लुगडे नेसलेल्या दाखविल्या आहेत. १८८० च्या सुमारास या समाजात कीर्तनेही होऊ लागली. कथा अब्राहामाची, योसेफाची वा एलियाची. परंतु साकी, दिंडी, ओवी व अभंग ही वृत्ते आपली. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्तचरित्र कीर्तनाच्या साच्यात घातले, हे आमच्या वाचकांस माहीत आहेच. एकाच वीणेवर निरनिराळ्या धर्मांचे लोक आपापल्या देवाचे गुण गातात, यात वीणेचा अपमान नाही आणि धर्माचाही नाही. १८७५ साली हाईम शमुवेल केहीमकर यांनी मुंबईत आपल्या समाजाच्या मुलांसाठी शाळा काढिली व तेथे हिब्रू शिकविण्याची सोय केली. त्यांनीच आपल्या समाजाचा विस्तृत इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. तो छापून निघाला मात्र १९३७ साली, आणि तोही तेल अवीव शहरी.

शिक्षणामुळे बेने इस्राएल लोक लष्कर, रेल्वे, टपाल, रुग्णालये व शाळा यांतून दूरदूर पसरले. एडनपर्यंत, रंगूनपर्यंत त्यांची बिऱ्हाडे गेली. डॉ. एलिजा मोझेस हे १९३७ साली मुंबईचे महापौर झाले, डॉ. जेरुशा झिराड या स्त्रीरोगचिकित्सेत नामांकित झाल्या व १९६६ साली त्यांस ‘पद्मश्री’ मिळाली. इंग्रजी काव्यात नाव मिळविणारे निसीम इझिकेल (१९२४–२००४) याच समाजातले. कराचीस या लोकांनी १८९३ साली सभास्थान बांधिले होते. १९४७ साली फाळणी झाली आणि कराची परदेश झाली. तेथील बेने इस्राएल हळूहळू निघून गेले, व १९८८ साली ती इमारतही पाडण्यात आली. ज्यांनी आपले घर सोडिले नव्हते त्यांच्या पायाखालची भूमीच दुसऱ्या राष्ट्राची झाली. वऱ्हाडाचे जे उदाहरण आम्ही आरंभी दिले त्याचेच हे दुःखदायक रूप होय.

मे १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्राची स्थापना झाली. त्या वेळी भारतात सुमारे २०,००० बेने इस्राएल होते. येथे त्यांचा कोणी छळ केला नव्हता. ही गोष्ट त्यांनी स्वतः वारंवार अभिमानाने सांगितली आहे. तरीही पूर्वजांच्या भूमीची ओढ, इंग्रज गेल्यावर नोकऱ्यांविषयी वाटणारी अनिश्चितता, आणि आधी गेलेल्या आप्तांची पत्रे, या कारणांनी ते जाऊ लागले. शेकडो वर्षे ज्या यरुशलेमेकडे तोंड करून प्रार्थना केली, तेथे आपणास कोणी ‘तुम्ही कोण’ म्हणून विचारणार नाही, अशी त्यांची समजूत असणे स्वाभाविक होते.

परंतु घडले निराळेच. युरोपातून आलेल्या गोऱ्या यहूद्यांस हे सावळ्या वर्णाचे, मराठी बोलणारे, भात व आमटी खाणारे लोक परके वाटले. हिब्रूत भारतास ‘होदू’ म्हणतात. एस्तेरच्या पुस्तकातील पहिल्याच वचनात आपल्या देशाचा उल्लेख याच नावाने आला आहे. त्यावरून या लोकांस ‘होदी’, म्हणजे हिंदी, म्हणू लागले. कोकणात ज्यांस शनिवार पाळणारे तेली म्हणून वेगळे मानिले, त्यांस पूर्वजांच्या देशात हिंदी म्हणून वेगळे मानिले. नोकऱ्यांत व घरांच्या वाटणीत वर्णामुळे दुजाभाव होतो, अशी तक्रार करून काहींनी १९५१–५२ च्या सुमारास तेल अवीव येथे धरणे धरिले व आम्हांस हिंदुस्थानात परत पाठवा, अशी मागणी केली. त्यांस परत पाठविण्यात आले. आणि आश्चर्य हे की, येथे आल्यावर त्यांतील पुष्कळांस इकडेही करमेना. काही काळाने ते पुन्हा इस्राएलास गेले! या येरझारीस कोणी चंचलपणा म्हणतील. आम्ही तसे म्हणणार नाही. ज्याची दोन घरे आहेत त्यास प्रत्येक घरी दुसऱ्या घराची आठवण होते, हा त्या मनुष्याचा दोष नव्हे.

याहून कठीण प्रसंग १९६२ साली आला. इस्राएलात विवाहाची नोंद धर्मगुरूंच्या हाती असते. त्या वर्षी प्रमुख धर्मगुरूंच्या कचेरीतून असा आदेश निघाला की, बेने इस्राएल वधू वा वर दुसऱ्या यहूदी समाजातील असामीशी विवाह करू इच्छील, तर त्याची आई, आजी, पणजी अशी जितकी मागे जाता येईल तितकी चौकशी करावी. कारण असे दाखविले की, इतकी शतके हे लोक यहूदी धर्मशास्त्रापासून दूर होते. घटस्फोटाचे व विधवेच्या पुनर्विवाहाचे शास्त्रोक्त विधी त्यांस ठाऊक नव्हते. तेव्हा त्यांच्या कुळात दोष असण्याचा संभव आहे. विचार करा, ज्या कोळ्या-कुणब्यांच्या गावी जन्ममृत्यूची नोंदच नव्हती, तेथल्या पणजीचा दाखला कोठून आणावा? विवाह ठरलेल्या मुलामुलींस वाट पाहत बसावे लागले. सगळ्या समाजाच्या मानावर हा घाव होता. दोन वर्षे अर्ज, सभा व मोर्चे चालले. १९६४ च्या उन्हाळ्यात लोकांनी यरुशलेमेत धरणे धरिले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील लोकसभेने ठराव करून जाहीर केले की, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत इतरांच्या बरोबरीचे यहूदी आहेत. आणि त्यानंतर धर्मगुरूंनीही आपल्या आदेशातून त्यांचे नाव काढून टाकिले.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे आम्हांस भाग आहे, नाहीतर वृत्तांत एकांगी होईल. कोकणात असताना या समाजातही ‘गोरे’ व ‘काळे’ असे दोन भेद होते. ज्यांच्या कुळात परधर्मीय स्त्रीचा संबंध आला असे मानीत, त्यांस ‘काळे’ म्हणून बाजूस ठेवीत. त्यांच्याशी ‘गोरे’ बेटीव्यवहार करीत नसत. म्हणजे इस्राएलात जो प्रश्न त्यांस विचारला गेला, तोच प्रश्न त्यांनीही आपल्या दुबळ्या भावंडांस पूर्वी विचारला होता. हा दोष त्या एकाच समाजाचा आहे, असे म्हणण्याचा अधिकार आपणांपैकी कोणास आहे? जेथे रोटी-बेटीच्या भिंती उभ्या आहेत, आणि ज्यांनी धर्मांतर केले त्यांच्याही मागे पूर्वीच्या जातीची चौकशी चालते, त्या भूमीतील रहिवाशांनी इस्राएलातील धर्मगुरूंस नावे ठेवण्यापूर्वी आपल्या अंगणाकडे पाहावे, हे बरे.

आज इस्राएलात बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद, रामला इत्यादी शहरांतून या लोकांची मोठी वस्ती आहे. भारतात सर्व प्रकारचे मिळून यहूदी लोक पाच हजारांच्या आसपासच उरले असून २०१६ साली महाराष्ट्र सरकारने त्यांस अल्पसंख्याक समाज म्हणून मान्यता दिली. इस्राएलात गेलेल्या पहिल्या पिढीने मराठी जिवंत ठेविली. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी तेथून चालविले. १९९६ साली जागतिक मराठी परिषदही इस्राएलात भरली. मलिदा अजूनही होतो, लग्नापूर्वी मेंदी अजूनही लागते. परंतु नातवंडांची भाषा हिब्रू झाली आहे. आजी मराठीत बोलते, मुलगी ते समजून हिब्रूत उत्तर देते, आणि नातीस त्यातले चार शब्द कळतात, असा क्रम जगभर परदेशी गेलेल्या घरांतून आढळतो. येथेही तोच चालू आहे. ज्या समाजाने ग्रंथ नसताना धर्म राखिला, त्यास ग्रंथ व छापखाने असतानाही भाषा राखणे कठीण जात आहे. कारण उघड आहे. शनिवारी घाणा थांबविणे हे प्रत्येक आठवड्यास करावेच लागे. मराठीवाचून मात्र तेथे कोणाचे काही अडत नाही. जे रोज हाताने वा तोंडाने घडत नाही, ते अभिमानाच्या भाषणांनी टिकत नाही.

या वृत्तांतापासून आपण काय घ्यावे? आमच्या मते दोन गोष्टी घ्याव्या. लोक आपणास जे नाव देतात ते बहुधा आपल्या वेगळेपणाचे नाव असते. ‘शनवार तेली’ हे नाव खोटे नव्हते, ‘होदी’ हेही खोटे नव्हते. परंतु दोन्हींत तो मनुष्य पुरता मावत नव्हता. एका देशात आपला धर्म डोळ्यांत भरतो, दुसऱ्यात आपला रंग, तिसऱ्यात आपली बोली. यास्तव परक्या देशी गेल्यावर कोणी एकाच नावाने हाक मारिली, तर त्याने रागावूही नये व त्या एका नावात स्वतःस कोंडूनही घेऊ नये. बेने इस्राएल मनुष्य यहूदी आहे म्हणून कमी मराठी नाही, आणि मराठी आहे म्हणून कमी यहूदी नाही. आम्हां ख्रिस्ती लोकांसही ‘तुम्ही मराठी की ख्रिस्ती?’ असे विचारणारे भेटतात. त्यांस आमचे उत्तर एवढेच की, या दोन शब्दांमध्ये ‘की’ घालण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट अशी की, ओळख पुराव्याने सिद्ध होत नाही, पाळण्याने टिकते. समुद्राने ग्रंथ नेले, वंशावळी कोणी लिहिल्या नव्हत्या. थांबलेला घाणा हाच त्या लोकांचा दाखला होता. आमच्या शाळेतून बाहेर पडणारे विद्यार्थी आज पुण्या-मुंबईसच जातात असे नाही. जर्मनी, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, आखाती देश, जेथे काम मिळेल तेथे जातात, आणि ते योग्यच आहे. त्यांस आमचे सांगणे एवढेच की, विद्यार्थिमित्रांनो, जाताना फार मोठे ओझे घेऊ नका. दोन-चार गोष्टी निवडा, पण त्या नेमाने करा. घरी आपल्या मुलांशी मराठीत बोला. जमल्यास आपल्या वऱ्हाडी बोलीत बोला, तिची लाज धरू नका. आठवड्यातून एक पत्र मायबोलीत लिहा. जो सण वा जी उपासना आपली आहे ती मुलांच्या हातून करवा, केवळ त्यांस दाखवू नका.

आणि जे येथेच राहतील त्यांच्यासाठीही एक काम आहे. अमरावती व अकोला या दोन्ही शहरी १९४७ नंतर सिंधमधून आलेली कुटुंबे आहेत. त्याही पूर्वी मारवाडातून व गुजराथेतून आलेली आहेत. आज उत्तरेकडून मजुरीस येणारी नवी कुटुंबे आहेत. त्यांची मुले आपल्या वर्गांत आपल्याच बाकांवर बसतात. त्यांस ‘तुम्ही कोठले?’ असे अवश्य विचारावे. पाहुण्याशी बोलण्याचा आरंभ त्याच प्रश्नाने होतो. मात्र उत्तर मिळाल्यावर ‘ते खरे, पण मूळचे कोठले?’ असा दुसरा प्रश्न टाकण्यापूर्वी, पणजीचा दाखला मागितलेल्या त्या वधूवरांची आठवण ठेवावी, आणि बाकावर थोडे सरकून त्यांस जागा करून द्यावी.